मॅरेथॉनच्या लढाईत अथेन्सच्याच कुणीतरी पर्शियनांना ढाल दाखवून इशारा केला होता का? अथेन्सचं बडं अल्कमिऑनिड घराणं खरंच फितूर होतं का?

ढाल दाखवली गेली असं मला वाटतं, पण अल्कमिऑनिडांवर तो आरोप सिद्ध होत नाही. आणि गंमत नाही हां, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्यांचा जो बचाव केलाय तोच फार लंगडा आहे.

इ.स.पू. 490. लढाई हरल्यावर पर्शियन जहाजांत चढले आणि सूनियनच्या भूशिराला वळसा घालून थेट अथेन्सकडे निघाले, कारण अथेन्सचं सैन्य अजून मॅरेथॉनलाच होतं. ते जहाजांत असतानाच कुणीतरी ढाल वर धरली. (उन्हात चमकवली वगैरे नंतरचं, ग्रीक ढाल फुगीर असायची, तिचा झोत लांबवर नेम धरून पाडणं कठीणच, आणि हिरोडोटस फक्त ढाल दाखवली एवढंच म्हणतो.) अथेन्सचे लोक लढून दमलेले, तरी तसेच शहराकडे धावले आणि आधी पोचले. पर्शियन अथेन्सच्या फॅलेरॉन बंदरासमोर थोडे थांबले आणि परत गेले. ढाल दाखवली हे नाकारता येत नाही, कुणी ते सांगता येत नाही, असं हिरोडोटस स्वतः लिहितो.

पुढे तो म्हणतो अल्कमिऑनिड हुकूमशहांचे कट्टर वैरी, त्यांच्या सगळ्या राजवटीत परागंदा होते. हे पटत नाही. याच घराण्यातल्या मेगाक्लीसने आपली मुलगी हुकूमशहा पिसिस्ट्रॅटसला दिली होती, आणि अथेन्सच्या अगोरात (बाजारचौकात) अधिकाऱ्यांच्या यादीचा एक दगडी तुकडा सापडलाय त्यात पिसिस्ट्रॅटसचा मुलगा हिप्पियास याच्या राजवटीत, 525 च्या सुमाराला, मेगाक्लीसचा मुलगा क्लिस्थनीस याचं नाव आहे. म्हणजे त्या काळात घराणं गावातच, तेही मोठ्या पदावर!

मग लोकांना संशय येणारच ना. 486 मध्ये खापरांवर नावं कोरून झालेल्या मतदानात दुसरा मेगाक्लीस, क्लिस्थनीसचा पुतण्या, दहा वर्षांसाठी हद्दपार झाला, त्याच्या नावाची हजारो खापरं अथेन्सच्या केरामाइकॉस भागात मिळालीत.

तरी मी त्यांना दोषी धरणार नाही. पर्शियनांबरोबर मॅरेथॉनला कोण आला होता, तर म्हातारा हिप्पियास, त्याला परत गादीवर बसवायचं होतं. आणि 510 मध्ये स्पार्टाची फौज आणवून त्याला हाकलण्यात याच घराण्याचा हात होता, नंतर क्लिस्थनीसने लोकशाहीची घडी बसवली. हिप्पियास परत आला असता तर सगळ्यात आधी यांच्यावरच संकट आलं असतं, मग ते त्याच्यासाठी ढाल कशाला दाखवतील?

मला जास्त संशय हिप्पियासच्या स्वतःच्या गोतावळ्याचा येतो, त्यातले काही जण शहरातच राहिले होते. खापरांच्या मतदानात सगळ्यात पहिला बाहेर गेला तो 487 मध्ये, खार्मसचा मुलगा हिप्पार्कस, आणि तो हिप्पियासच्याच नात्यातला होता.