माइक लावला, पण ऐकतोय कोण?

प्रश्न : मी गाते आणि गिटारही वाजवते. नवा कंडेन्सर माइक घेतला. एका टोकाला एक्सएलआर (माइकची तीन पिनांची गोल जोडणी) आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी बारीक पिन असलेल्या केबलने तो लॅपटॉपला जोडला, तर आवाज जवळजवळ येतच नाही. माइक खराब निघाला का? आणि ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारा डबा) घ्यायचाच असेल तर एक इनपुट पुरेल की चार हवेत?

उत्तर : माइक परत करायला निघाला असाल तर थांबा. तो बहुधा ठणठणीत आहे, नुसता उपाशी आहे. कंडेन्सर माइकला चालायला वीज लागते, बहुतेकांना ४८ व्होल्टची, आणि ती ज्या केबलमधून आवाज येतो त्याच केबलमधून उलटी माइककडे पाठवली जाते. तिलाच फँटम पॉवर म्हणतात. लॅपटॉपच्या बारीक पिनेवर जेमतेम दोन-चार व्होल्ट असतात, तेही हेडसेटच्या इवल्याशा माइकसाठी. ती वीज इंटरफेस देतो. त्याला दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली साधी केबल लावायची आणि '४८ व्ही'चं बटण दाबायचं. दाबताना गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारा नॉब, शून्यावर आणि हेडफोन कानावरून खाली. नाहीतर जो 'ठप्प' आवाज येतो तो दिवसभर कानात राहतो.

आता इनपुट. घरात वाद्यं किती आहेत ते मोजू नका, एका वेळी किती वाजणार ते मोजा. आधी गिटार, मग त्यावर गाणं असं थर चढवत काम करणार असाल तर एकाने भागतं. पण तुम्ही वाजवता वाजवता गाणार, म्हणजे दोन हवेत. आणि मला विचाराल तर एकट्याने गाणाऱ्यालाही मी दोनच सांगेन. उद्या कीबोर्ड आला की त्याचं डावं-उजवं मिळून दोन्ही इनपुट एका झटक्यात संपतात. चार किंवा आठची गरज ड्रमसेटला, नाहीतर तीन-चार जण एकत्र बसत असतील तर.

पण 'दोन इनपुट' या शब्दांत एक मेख आहे. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोवर दोन इनपुट असतात, पण माइकचा त्यात एकच. दुसरा गिटार किंवा लाइनसाठी, म्हणजे कीबोर्डसारख्या वाद्यासाठी. त्याच मालिकेतल्या टू-आय-टूवर दोन्हींना माइक लागतो. गिटारची पिन लावून गाणार असाल तर सोलो चालेल. अकूस्टिक गिटारसमोरही माइक ठेवायचा असेल तर नाही चालणार. खोक्यावरचे आकडे वाचण्याआधी सॉकेट बघा. १९२ किलोहर्ट्झ वगैरे, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती हजार मोजमापं (सॅम्पल) घेतली जातात, ते ठळक अक्षरांत छापलेलं असतं, त्याकडे सरळ दुर्लक्ष करा. प्रत्येक मोजमाप २४ बिटचं आणि वेग ४८ किलोहर्ट्झ, एवढं घरच्या कामाला भरपूर झालं.

गिटारची पिन लावलीत की 'इन्स्ट'चं (इन्स्ट्रुमेंट, म्हणजे वाद्य) बटण दाबायला विसरू नका. गिटारच्या पिकअपचा सिग्नल नाजूक असतो, त्याला दहा लाख ओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. तोच लाइन इनपुटमध्ये घातला की तारांची चकाकी जाते आणि गिटारवर गोधडी पांघरल्यासारखं वाजतं. कीबोर्डसाठी मात्र हे बटण बंद. गेन लावताना गुणगुणू नका, गाण्यातली सगळ्यात वरची ओळ पूर्ण ताकदीने गा. तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला की झालं.

प्रश्न : इंटरफेस घेतला, सगळं जोडलं. पण गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज मला किंचित उशिरा येतो आणि ताल सुटतो. कॉम्प्युटर जुना आहे, तो बदलू का?

उत्तर : कॉम्प्युटर राहू द्या. तुमचा आवाज इंटरफेसमधून आत जातो, सॉफ्टवेअर त्याच्या तुकड्यांवर काम करतं आणि मग तो परत बाहेर येतो. तुकडा किती मोठा, हे बफर साइज ठरवते. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा एक तुकडा भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात. जाताना एक, येताना एक, वर थोडी इकडची तिकडची भर. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवरच्या स्पीकरइतकाच. गिटारवाला तेवढा सहज खपवून घेतो. गाणाऱ्याचं तसं नाही, कारण त्याला आपला आवाज कवटीच्या हाडांतून त्याच क्षणी ऐकू येत असतो. मागून दुसरा आला की दोन्ही एकमेकांत मिसळून पोकळ लागतात.

उपाय इंटरफेसवरच असतो : 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण किंवा 'इनपुट' आणि 'प्लेबॅक' यांच्यामधला नॉब. त्याने तुमचा आवाज कॉम्प्युटरची वारी न करता थेट हेडफोनमध्ये येतो. मात्र हे चालू केलंत की सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे तुमचा आवाज परत ऐकवणं, बंद करा. ते राहून गेलं की आवाज दोनदा येतो आणि माणूस इंटरफेसलाच शिव्या घालतो.

गिटारला सॉफ्टवेअरमधल्या अँपचा आवाज द्यायचा असेल तर ही युक्ती कामाची नाही. मग बफर १२८ किंवा ६४ वर आणा आणि विंडोज असेल तर इंटरफेस बनवणाऱ्याचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराने आवाज पोचवणारा) ड्रायव्हर टाकून सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंगला बसलात की बफर पुन्हा ५१२ किंवा १०२४. ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर वरचं सगळं वाया गेलं, वायरवाला घ्या.

प्रश्न : आवाज रेकॉर्ड होतो, पण लांबून बोलल्यासारखा, आणि मागे पंख्याची घरघर. माइक तोंडाजवळच आहे.

उत्तर : हा प्रश्न वाचून मी एकटाच हसलो. इंटरफेस नवा असताना मी एक अख्खी रात्र घालवून एक गाणं रेकॉर्ड केलं. स्क्रीनवर लाटा व्यवस्थित उमटत होत्या. ऐकलं तर मी जणू शेजारच्या खोलीत गातोय. माइक फिरवला, केबल बदलली, खिडकीला चादर लावली. पहाटे वैतागून लॅपटॉपच्या कडेवर बोट आपटलं, आणि मीटर टुणकन उडाला. रात्रभर ऐकत होता तो लॅपटॉपमधला टाचणीएवढा माइक. इंटरफेस शेजारी दिवा लावून नुसताच बसलेला.

रेकॉर्डचं बटण दाबून माइकच्या जाळीवर हलकेच नख ओढा. मीटर हलला नाही, तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन इनपुट डिव्हाइस बदला आणि मग त्या ट्रॅकवर कोणता इनपुट निवडलाय, १ की २, तेही बघा.