‘अजून एकच सीझन’ किती वेळा ऐकायचं?

प्रश्न : ताई, मी मूळची नाशिकची, लग्नानंतर कॅनडात ओंटारिओला आले. नवरा कॅनेडियन, वय ३१, व्यावसायिक आइस हॉकी खेळतो. पण एनएचएल या सगळ्यात वरच्या लीगमध्ये नाही, त्याच्या दोन पायऱ्या खाली, अमेरिकेतल्या ईसीएचएल नावाच्या लीगमध्ये. चार वर्षांत पाच गावं झाली. क्लबच्या फ्लॅटमधल्या डब्यांवर आधीच्या कुणाच्या तरी अक्षरात ‘शुगर’, ‘सॉल्ट’ लिहिलेलं असतं, तेच वापरते. मुलगी दोन वर्षांची. मी अकाउंटंट आहे, पण घरी बसून. दर एप्रिलला तो म्हणतो, ‘अजून एकच सीझन.’ आई फोनवर विचारते, जावईबापू कुठे टिकत का नाहीत? त्याला खेळ सोडायला सांगू का?

उत्तर : आधी आईचं बघू, ते सोपं आहे. माइक सिलिंजर नावाचा खेळाडू एनएचएलमध्ये १२ संघांकडून खेळला. तो विक्रमच आहे, आणि त्याचे सामने झाले १,०४९. कामाचा नसलेल्या माणसाला कुणी हजार सामने खेळवत नाही. दोन संघांनी आपसांत अदलाबदल ठरवली की बॅग भरायची, खेळाडूला विचारतो कोण? तुझ्या नवऱ्याच्या लीगमध्ये तर हे रोजचंच. तिथे टिकायचं म्हणजे फिरायचंच, एवढं आईला सांग.

आता तुझं. सोडायला सांगू नकोस. आयुष्यभर मनात ठेवेल, आणि तेही तुझ्या नावावर. पण ‘एकच सीझन’ला मुकाट्याने मान डोलावणंही बंद कर. तुझा राग हॉकीवर दिसत नाही मला. खेळाडूच्या व्हिसावर सोबत गेलेल्या बायकोला अमेरिकेत नोकरी करता येत नाही, तुझं खरं दुखणं तिथे आहे. त्याचा पगार आठवड्याच्या हिशेबाने, तोही सीझनपुरता. घर क्लबचं, तेही सीझनपुरतं. उन्हाळ्यात दोन्ही बंद, आणि तुझी पदवी बारा महिने बंद. अकाउंटंट बाई, हा ताळेबंद त्याच्यासमोर अजून मांडला कसा नाहीस?

खेळ सुटल्यावर काय करायचं हे त्यालाही ठाऊक नसावं. शाळेत असल्यापासून उठणं-झोपणं रिंकच्या वेळापत्रकाने ठरलेल्या माणसाला पुढे नुसता अंधार दिसतो, म्हणून तो एकेक वर्ष मागून घेतो. तेव्हा ‘कधी सोडणार’ म्हणू नकोस, ‘पुढे काय करायला आवडेल’ असं विचार. ब्रिटनच्या एलिट लीग या आइस हॉकी लीगमधले काही क्लब खेळाडूंना स्थानिक विद्यापीठात मास्टर्स करण्याची सोय देतात. सामने बहुतेक शनिवार-रविवारी, त्यामुळे वर्गांना वेळ मिळतो. बरेच कॅनेडियन खेळाडू ही वाट धरतात. पण तिथे तुला काम करता येईल का, ते कोणता व्हिसा मिळतो त्यावर आहे. सही करण्याआधी क्लबकडून लेखी घ्या.

आणि पुन्हा ईसीएचएलच असेल, तर या वेळी तो एकटा जाईल. तू मुलीला घेऊन ओंटारिओत राहा, नोकरी धर. (संसार मोडायचा सल्ला देते म्हणून काहीजणी मला पत्रं लिहितील. लिहू देत.) रात्रभर बसने प्रवास केल्यावर त्याला पोरगी फोनच्या पडद्यावरच भेटायला लागली, की सीझन केवढ्याला पडतो ते त्याचं तोच मोजेल.

फक्त एप्रिलची वाट बघू नकोस. तेव्हा तो एकतर हरलेला असतो, नाहीतर गुडघ्याला बर्फ लावून बसलेला. आत्ताच, सीझन चालू असताना, सामना नसलेल्या एखाद्या सोमवारी बोल. आणि मुलीला तेवढे दोन तास शेजारी ठेव.