सांगलीत राहून व्हायोलिन शिकणाऱ्या मुलीला सिंफनी ऑर्केस्ट्राची कंडक्टर व्हायचे असेल, तर तिला श्रोते कुठून मिळतील?

आपली सोळा वर्षांची मुलगी सांगलीत व्हायोलिन शिकते आणि तिला पुढे कंडक्टर, म्हणजे हातांच्या इशाऱ्यांनी वादकांचे नेतृत्व करणारी, व्हायचे आहे. मात्र ज्या संगीताला आपल्या भागात श्रोताच नाही त्यात तिचा निभाव कसा लागेल, असे आपण विचारले आहे. मी गेली बावीस वर्षे मिरजेत व्हायोलिन शिकवते आणि विद्यार्थ्यांचा चौदा जणांचा एक वाद्यवृंद चालवते, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की जत्रेच्या मांडवात चित्रपटगीते सादर करणारा संच डोळ्यांपुढे येतो. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात ऐंशी-शंभर वादक असतात. प्रत्येकापुढे केवळ त्याच्या वाद्याचे स्वरलेखन असते आणि सगळ्यांचे एकत्रित स्वरलेखन फक्त कंडक्टरपुढे. त्यामुळे कोणता स्वर पुढे आणायचा आणि कोणता मागे ठेवायचा, हे तालमीतच ठरवून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. मात्र कार्यक्रमात त्याची पाठ श्रोत्यांकडे असते, आणि श्रोत्यांचे काय करायचे हे शिकवण्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही.

ते मी स्वतः चूक करूनच शिकले. काही वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका सभागृहात आम्ही अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार मोझार्ट याची चार भागांची एक रचना सादर केली. पहिला भाग संपताच लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि मी मागे वळून हात उंचावून त्या थांबवल्या, कारण भागांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत असा पाश्चात्त्य सभागृहांतला आजचा शिष्टाचार आहे. त्यानंतर सभागृह जे गोठले ते शेवटपर्यंत; मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्यांनी दाद दिली त्यांनाच आपण अडाणी ठरवले, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढे वाचनात आले की १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टच्या नव्या सिंफनीच्या (ऑर्केस्ट्रासाठीच्या अनेक भागांच्या रचनेच्या) पहिल्या भागात, वादन चालू असतानाच, टाळ्या पडल्या होत्या. ती जागा लोकांना आवडणार हे जाणूनच आपण ती योजली होती, असे त्याने वडिलांना आनंदाने कळवले होते. म्हणजे समेवर मान हलवून ‘वाहवा’ म्हणणारा आपला श्रोता त्या संगीताला परका नाही. संगीत नाटकातल्या पदांना ‘वन्समोअर’ मागणाऱ्या सांगली-मिरजेच्या रसिकाला दाद द्यायला शिकवण्याची गरज नाही. कुठे कान द्यायचा, एवढेच त्याला सांगावे लागते.

श्रोता घडवण्याचे हे काम ज्यांनी केले त्यांचा अभ्यास आपल्या मुलीने अवश्य करावा. रॉबर्ट न्यूमन यांनी कंडक्टर हेन्री वुड यांना घेऊन १८९५ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या प्रॉम्स मैफलींत एका शिलिंगात उभे राहून संगीत ऐकता येई. अमेरिकन कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी १९५८ ते १९७२ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्रासह मुलांसाठी ५३ कार्यक्रम केले. ते श्रोत्यांकडे तोंड करून बोलत, पियानोवर एखादी ओळ वाजवून दाखवत आणि मग तीच ओळ ऑर्केस्ट्राकडून ऐकवत. दूरचित्रवाणीमुळे ते घरोघरी पोहोचले. कंडक्टर मेरिन ऑल्सप यांनी २००८ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये एका शाळेतल्या ३० मुलांच्या हाती वाद्ये देऊन सुरुवात केली. ती मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ज्या घरातले मूल वाजवते त्या घरात श्रोता आपोआप तयार होतो. आणि हे सगळे परक्यांचेच आहे असेही नाही. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णू दिगंबर पलुसकरांनी संस्थानिकांच्या दरबारातले गाणे तिकीट लावून जाहीर मैफलीत आणले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले; नवा श्रोता घडवणे याहून वेगळे काय असते?

शिक्षणाचे थोडक्यात सांगते. एका वाद्यावर पक्की पकड, पाश्चात्त्य स्वरलेखनाचे वाचन आणि पियानोची ओळख ही पहिली पाच वर्षे. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५४ साली अठराव्या वर्षी शिकायला व्हिएन्नाला गेले, १९५८ साली लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकले आणि १९६२ साली लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले. परंतु त्यांचे वडील मेहली मेहता स्वतः व्हायोलिनवादक आणि कंडक्टर होते, हे विसरू नये. आपल्या देशात २००६ साली मुंबईत स्थापन झालेली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सोडली तर या कामाला पगारी जागा फार थोड्या आहेत. लष्करी बँडचे प्रशिक्षण मध्य प्रदेशातल्या पचमढीला दिले जाते, आणि बँडमास्टर हाही वृंदाचे नेतृत्व करणाराच असतो, याचा विचार आपल्याकडचे पालक फारसा करत नाहीत.

नंतर आम्ही तीच मोझार्टची रचना पुन्हा केली. आधी दोन मिनिटांत तिच्यातली एक ओळ पहिल्या व्हायोलिनवर, मग चेलोवर (व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या, खर्जातल्या वाद्यावर) एकेकटी वाजवून दाखवली आणि ती कुणाकडून कुणाकडे जाते तेवढे ऐका, असे सांगितले. टाळ्या मध्येच पडल्या आणि मी वळून नमस्कार केला. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यांनी दुसऱ्या भागाला ‘वन्समोअर’ मागितला, आणि आम्ही तो पुन्हा वाजवला.

आपल्या मुलीला या महिन्यात एवढेच करू द्या: शेजारच्या दहा जणांना घरी बोलावून, दोन मिनिटे बोलून, पाच मिनिटे वाजवायचे आणि कोणती जागा लक्षात राहिली ते प्रत्येकाला विचारून वहीत लिहून ठेवायचे.