बेस गिटारला निकेलच्या तारा लावाव्यात की स्टेनलेस स्टीलच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार तारांचा जॅझ बेस (हे बेस गिटारच्या एका प्रकाराचं नाव), रोझवूड लाकडाचा फिंगरबोर्ड (तारांखालची, बोटं दाबायची पट्टी), मुख्य काम ऑर्केस्ट्रात आणि अधूनमधून मित्रांबरोबर फंक, म्हणजे ठेक्यावर चालणारं पाश्चात्त्य संगीत. दुकानदार म्हणतो स्टील घ्या, तुमचे सर म्हणतात निकेल. माझं मत सरांच्या बाजूने. मी अठरा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय, दोन्ही तारा भरपूर वापरल्यात आणि एकीची किंमत जरा जास्तच मोजलीये.

आधी एक गैरसमज काढून टाका. 'निकेल' म्हणून जो संच मिळतो, तो सहसा निकेलचा नसतोच. आतला गाभा स्टीलचा, बहुतेक वेळा षटकोनी. त्यावर गुंडाळलेली तारही स्टीलचीच, फक्त तिला निकेलचा मुलामा, साधारण 8 टक्के. पितळेच्या पातेल्याला कल्हई करावी तसा. खऱ्या निकेलचं वेष्टन असलेल्या तारा वेगळ्या मिळतात, त्यांच्या पाकिटावर 'प्युअर निकेल' असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि आवाज जुन्या वळणाचा, मवाळ असतो. स्टेनलेसमध्ये गाभा स्टीलचाच, वेष्टन मात्र थेट स्टेनलेसचं, मुलामा वगैरे काही नाही.

आवाजाचं म्हणाल तर नवी स्टीलची तार खणखणीत वाजते यात वाद नाही. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या बेसवादक जॉन एन्टविसलला बेस पियानोच्या खालच्या सप्तकासारखा वाजायला हवा होता, म्हणून त्याने 1966 मध्ये रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीबरोबर बसून ही राउंडवाउंड (गोल तारेचं वेष्टन असलेली) स्टीलची तार जमवून घेतली. निकेलला वरची धार कमी, मधला भाग भरीव. पण हा फरक नव्या तारांचा. आपल्याकडच्या हवेत, त्यात मांडवातल्या हॅलोजनखाली तीन तास घाम गाळला की काही आठवड्यांत वेढ्यांमध्ये मळ बसतो आणि दोघी मंदावतात. स्टील गंजत नाही, पण मळ तिलाही सोडत नाही. शिवाय नवी स्टील लावून बेसवरचा टोन नॉब (वरची धार कमी करणारं बटण) अर्धा खाली केलात, तर खुर्चीत बसलेल्या माणसाला फरक सांगता यायचा नाही.

बोटांना मात्र पहिल्या मिनिटाला कळतो. स्टेनलेस कडक आणि खरखरीत. डाव्या हाताची बोटं सरकताना 'चर्र' असा आवाज येतो. ढोलकी-ऑक्टोपॅडच्या गदारोळात तो कुणाला ऐकू येत नाही. एकदा भावगीतांचा कार्यक्रम होता, तबला, पेटी, बासरी आणि मी. तारा आदल्याच दिवशी बदललेल्या, अर्थातच स्टील. दुसऱ्या कडव्यात बाईंनी आलाप सोडला, सगळं शांत, आणि मी पाचव्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तिसऱ्यावर सरकलो. मॉनिटरमधून चर्र! बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुढची चार गाणी मी बोट उचलून उचलून वाजवली.

पण खरं कारण फ्रेटचं आहे. साध्या बेसचे फ्रेट 'निकेल सिल्व्हर'चे असतात, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर: नावात चांदी, आत तांबं, जस्त आणि निकेल. स्टेनलेसपेक्षा हा धातू मऊ, त्यामुळे स्टीलची तार त्याला लवकर खाते. माझ्या बेसवर दोन वर्षं सलग स्टील होती. पहिल्या पाच फ्रेटवर, डी आणि जी या दोन बारीक तारांखाली, नखाला लागतील असे खाचे पडले, मग झणझण सुरू झाली. सगळे फ्रेट घासून सपाट करून घ्यावे लागले. हे काम दोन-तीनदाच होतं, पुढे फ्रेटच बदलावे लागतात. निकेलनेही झीज होते, पण सावकाश.

तुमचा बेस फ्रेटलेस, म्हणजे बिनफ्रेटचा, नाही हे बरंय. जॅको पास्टोरियस या बेसवादकाने त्याच रोटोसाउंड स्टीलच्या तारा रोझवूडवर टिकाव्यात म्हणून फिंगरबोर्डला बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचे थर दिले होते. आपण तिथे फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत वेष्टनाची तार) लावावी हे बरं.

मग स्टील कुणी घ्यावी? रोज स्लॅप करणाऱ्याने (अंगठ्याने तार आपटून वाजवणाऱ्याने), स्टेनलेसचे फ्रेट असलेल्याने, किंवा ज्याच्या बेसचा आवाज मुळातच गोधडीखालून आल्यासारखा येतो त्याने. महिन्यातून एकदा फंक वाजवायला निकेलच्या ताज्या तारा पुरतात. खोट्या दागिन्यांनी खाज सुटणाऱ्यांना निकेलचा मुलामाही त्रास देतो, अशांना स्टील सहसा बरी पडते. निकेल तिच्यातही असतं, पण बांधलेलं. पुरळच उठत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारा.

धातूपेक्षा गेजकडे, म्हणजे तारांच्या जाडीकडे, जास्त लक्ष द्या. सध्या जे गेज आहे तेच घ्या. 45-100 वरून 45-105 वर गेलात (हे आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेचे, इंचाच्या हजाराव्या भागात) तर ताण वाढतो, मान किंचित वाकते, ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) उचलली जाते आणि ट्रस रॉडला (मानेचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईला) हात लावावा लागतो. पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नको. दोन बदल एकदम केलेत तर फरक धातूचा की जाडीचा, हेच कळणार नाही.

वाजवून झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने तारा खालूनही पुसा. मंद झालेल्या तारा दहा मिनिटं पाण्यात उकळून, पूर्ण वाळवून परत लावता येतात, चार-पाच कार्यक्रम निघतात. पातेलं वेगळं ठेवा, मी घरात बोलणी खाल्ली आहेत.

आणि नवी तार खुंटीसाठी कापायची असेल तर कापायच्या जागेच्या जरा अलीकडे आधी काटकोनात वाकवा, मगच पक्कड लावा. सरळ कापली तर वेष्टन सैल पडू शकतं, विशेषतः गाभा गोल असेल तर, आणि मग कोरी तार पहिल्याच दिवशी मेल्यासारखी वाजते.