फोनला रेंज आहे, मग लॅपटॉपला का नाही?

प्रश्न : घोडबंदर रोडवरील एका उंच इमारतीत आमचा टू बीएचके फ्लॅट आहे. राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेला आहे. आतल्या बेडरूममध्ये फोनवर व्हिडिओ सुरळीत चालतो. मात्र त्याच टेबलावर लॅपटॉपला वाय-फायची जेमतेम एक दांडी मिळते आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो. इंटरनेटवाल्यांनी राउटर बदलून दिला, तरी फरक पडला नाही. गेल्या दिवाळीत लॅपटॉपची बिजागरी दुरुस्त करून घेतली, तेवढे सोडल्यास यंत्राची काही तक्रार नाही. रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पुढे पोचवणारे उपकरण) घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : रिपीटर तूर्त घेऊ नये. एकाच जागी फोन नीट चालतो आणि लॅपटॉप अडखळतो, यावरून दोष भिंतींपेक्षा लॅपटॉपमध्ये असण्याची शक्यता अधिक वाटते. आपण जाता जाता उल्लेखिलेली बिजागरीची दुरुस्ती मला तर सर्वांत महत्त्वाची वाटते. बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फायचे अँटेना पडद्याच्या चौकटीत बसवलेले असतात आणि त्यांच्या दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली उतरून वाय-फाय कार्डावर टिचबटणासारख्या दाबून बसवतात. दुरुस्तीच्या वेळी त्यांतली एखादी चिमटली गेली किंवा परत नीट बसवायची राहिली, तर वाय-फाय पूर्ण बंद न पडता केवळ क्षीण होते; त्यामुळे दुकानात, राउटरजवळ तपासताना सर्व ठीक वाटते आणि घरी खोली बदलली की त्रास सुरू होतो.

खात्रीसाठी लॅपटॉप राउटरपासून दोन मीटरवर ठेवून पाहावा. तेथेही दांड्या पूर्ण भरत नसतील, किंवा पडदा मागेपुढे केल्यावर त्या कमीजास्त होत असतील, तर संशय जवळपास पक्का झाला असे समजावे. ओळखीच्या कोणाकडून यूएसबी वाय-फाय डोंगल (यूएसबीत खोचायचे छोटे वाय-फाय उपकरण) मागून बेडरूममध्ये लावून पाहिल्यास उत्तमच. डोंगलवर मीटिंग नीट चालली, तर राउटर निर्दोष ठरतो. मग दुरुस्ती करणाऱ्याकडे जाऊन ‘स्लो आहे’ एवढेच न सांगता, दोन्ही अँटेना वायरी तपासून द्या, असे स्पष्ट सांगावे. वायर बदलायची नसेल, तर डोंगल कायमचा लावून ठेवणे हाही वाईट उपाय नाही.

दुरुस्तीसाठी लॅपटॉप उघडण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पाहून घ्यावी. वाय-फाय ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशा दोन वेगळ्या रेडिओ पट्ट्यांवर चालते. फोन ५ गिगाहर्ट्झवर आणि लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला असेल, तर ही तुलनाच फसवी ठरते, कारण उंच इमारतींत २.४ च्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरांची दाटी असते आणि तेथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच मिळतात. विंडोजमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘नेटवर्क बँड’ म्हणून हा पट्टा दिसतो. शिवाय यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क लॅपटॉपला लागलेली असल्यास ती काढून पाहावी. तिच्या केबलमधून होणारा गोंगाट नेमका २.४ च्याच पट्ट्यात पडतो.