‘चार्ज’ दिसला की थांबा

भाषांतराला नुकतीच सुरुवात केलीत ना, मग ‘चार्ज’ या शब्दाला जपून राहा. मी पहिल्याच वर्षी त्याच्यावर आपटलो. बँकेच्या कागदात जमिनीवर ‘चार्ज’ होता आणि मी बिनधास्त ‘शुल्क’ लिहून मोकळा झालो. तपासणाऱ्या बाईंनी लाल पेनाने एकच शब्द लिहून परत पाठवलं: बोजा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात कर्जाची नोंद चढते ना, तोच.

कोर्टाच्या कागदात तर आणखी बारीक बघा. पोलीस दाखल करतात ते आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. न्यायालयात पुढे होते ती आरोपनिश्चिती. टप्पे दोन, आणि गल्लत सर्रास.

पदाचा चार्ज म्हणजे पदभार, कार्यभार. लाठीचार्ज म्हणजे लाठीमार. विज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रॉनवर ऋणप्रभार असतो, आणि त्याच शाळेत प्रभारी मुख्याध्यापकही असतात! मोबाइल मात्र चार्जच करा. ‘प्रभारित करा’ लिहिलंत तर वाचणारा हसेल.

शब्दकोशातला पहिला अर्थ उचलू नका. चार्ज कोणाचा, कोणावर, कशासाठी, हे आधी वाक्यात शोधा. पैशांचा असला तरी लगेच ‘शुल्क’ नको. महावितरणचं बिल काढून बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. तिथे ‘आकार’च रुळलाय, आणि मला तो शुल्कापेक्षा गोड वाटतो.