आजीची आंगवण, नातवाचे पाय

प्रश्न : मुलगा लहानपणी फार आजारी होता. तेव्हा सासूबाईंनी गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीला आंगवण (नवस) केली, ‘पोर वाचलं तर धोंड (देवीचा व्रतकरी) होईल, होमकुंडातून जाईल.’ आता तो 17 वर्षांचा आहे. धुराने त्याला दम लागतो, जायचं नाही म्हणतो. आजीसमोर मात्र गप्प. आंगवण राहिली तर देवीचा कोप होईल का?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, मी स्वतः अकरा वर्षं धोंड होतो. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत, हातात वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून गेलो आहे. राख धरलेला निखारा उष्णता हळू देतो, पाय झटकन उचलला की बहुधा निभावतं. अडखळलं की भाजतं. एका वर्षी माझ्या डाव्या अंगठ्याखाली फोड आला, आई आठ दिवस खोबरेल लावत होती.

पण कठीण होते ते आधीचे दिवस. सोवळ्यात राहायचं, आपलं आपण रांधायचं, कुणाला वाकडं बोलायचं नाही. एकदा शेजारच्या खोपीतल्याने माझी सुकी लाकडं न विचारता चुलीत घातली. तोंडाशी आलेली शिवी गिळली. माझं व्रत घडलं असेल तर ते तिथे. गीतेच्या सतराव्या अध्यायात कुणाला न दुखावणारं बोलणं हे वाणीचं तप म्हटलंय, आणि हट्टाने देहाला पीडा देऊन केलेलं तप तामस.

शिवाय मी ते आपणहून मागून घेतलं होतं. दुसऱ्याच्या पायांवर बोललेली आंगवण मला पटत नाही. चर्चच्या नियमात साठीनंतर गुड फ्रायडेच्या उपासाची सक्ती नाही, रमझानचा रोजा आजाऱ्याला माफ. मग दमेकरी पोराला धुरात का लोटायचं? जिच्याकडे त्याचा श्वास मागितला, ती त्याच श्वासावर का कोपेल?

आंगवण सासूबाईंची आहे, त्यांनी ती आपल्या हातांनी फेडावी. लईराईला मोगरा प्रिय. माळा ओवून वाहाव्यात, जत्रेत तहानलेल्यांना पाणी द्यावं. देवळात जाऊन देवीसमोर तसं बोलून यावं, जाणत्यांना विचारूनच. हे त्यांना तुम्ही सांगू नका, तुमच्या यजमानांनी सांगावं. सुनेच्या तोंडून ते टोचेल. आणि त्या वेळी मुलाला जवळ बसवा. त्याचं ‘नको’ आजीने एकदा त्याच्याच तोंडून ऐकू दे.